पडद्यामागचा चौदा नंबर

सप्टेंबरचा दुसरा आठवडा लागला की लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या आमच्या रस्त्यावर घराघरांसमोर गाड्यांच्या डिक्क्या उघड्या दिसायला लागतात. आत नवी कोरी दुलई, अजून स्टिकर न काढलेली कढई, छोटा कुकर, मसाल्याचा डबा. शेजारी, या कशाशीच आपला संबंध नाही असा चेहरा करून, कानात इअरफोन घालून उभं असलेलं अठरा वर्षांचं बाळ. आई रडायच्या बेतात असते आणि बाप डिक्कीत काय कुठे मावेल यावर भाषण देत असतो. बाळ युनिव्हर्सिटीला निघालेलं असतं. मी चहाचा कप घेऊन खिडकीतून हे बघते आणि मला कोणाचंच कौतुक वाटत नाही.

समोरच्या मनीषाताई दरवर्षी कोणाची ना कोणाची मुलगी माझ्याकडे धाडतात. हिला फ्रेशर्सचं काहीतरी सांग, तू तर तिकडे बँडबिंडमध्ये होतीस, असं त्यांचं म्हणणं. मी त्या मुलीला सांगते की फ्रिजमधल्या दुधावर स्वतःचं नाव लिही, आणि फुकटचा पिझ्झा देणाऱ्या कुठल्याही सोसायटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मंडळात, नाव घालू नकोस. बँडबद्दल मी काही बोलत नाही. मुलगीही विचारत नाही, कारण ती तोवर फोनमध्ये गेलेली असते.

हा ऋतूच मला आवडत नाही. ना धड उन्हाळा, ना धड थंडी. सकाळी जॅकेट घालून निघावं तर दुपारी ते हातात वागवत फिरावं लागतं. संध्याकाळी वर्षात पहिल्यांदा हीटिंग लावलं की रेडिएटरवरची धूळ जळाल्याचा वास घरभर पसरतो, आणि त्या वासासरशी मी थेट मँचेस्टरच्या त्या हॉस्टेलच्या खोलीत जाऊन पडते. निळं, खरखरीत कार्पेट. खिडकीखालून जाणाऱ्या ट्रामचा भोंगा. कपाटाच्या आत कोणीतरी पेनानं लिहिलेलं एक नाव, आणि माझ्या छातीत मावणार नाही एवढा आत्मविश्वास. अठराव्या वर्षी माणूस जितका मूर्ख असतो तितकाच ताठही असतो. दोन्ही विषयांत मी वर्गात पहिली आले असते.

इंग्लंडमधल्या युनिव्हर्सिट्यांना मार्चिंग बँड सहसा नसतो. आमच्याकडे होता. कोणीतरी अमेरिकन सिनेमे बघून तो काढला असावा, आणि मग इथल्या हवेत तो कायमचा सर्दी झाल्यासारखा राहिला. तीस-पस्तीस जणं, कुठल्याशा बंद पडलेल्या बँडचे लाल कोट, कोटांना डांबरगोळ्यांचा वास. सराव स्पोर्ट्स सेंटरमागच्या कार पार्कमध्ये, तोही बहुतेक वेळा भुरभुर पावसात. ट्रॉम्बोन वाजवणारा एक लांबडा मुलगा दर वळणावर सगळ्यांच्या उलट दिशेला वळायचा, दोन पार्क केलेल्या गाड्यांमध्ये एकटाच चालत जायचा, आणि बाकीचे पोट धरून हसायचे. त्याला कोणी रागवत नसे. तोही हसायचा. मला हे हसणं बघवत नसे. आमच्या पुण्याच्या पथकात कोणी असा वळला असता तर पुढचा आठवडाभर त्याच्या हाती वाद्य दिलं नसतं.

पथकाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गणपतीच्या आधी दोन महिने, रोज संध्याकाळी, नदीपात्रात आमच्या ढोल-ताशा पथकाचा सराव असे. तिथे ऑडिशन नावाचा प्रकार नाही. यायचं, चपला काढायच्या, जागा झाडायची, ढोल ताणायचे, ढोल उचलायचे, आणि हजेरी भरली की कमरेला दोर बांधून वाजवायचं. मी चौदाव्या वर्षी तिथे गेले ती ताशासाठी. ताशा सगळ्या पथकाला चालवतो. ताशानं उचललं की शंभर ढोल उठतात आणि ताशा थांबला की शंभर ढोल गप्प होतात. मला ते शंभर ढोल गप्प करायचे होते. इतकी साधी इच्छा होती ती.

पथकाचा प्रमुख नितीनदादा. मनानं वाईट नव्हता, हे मला आता म्हणावं लागतं. तेव्हा मी म्हटलं नसतं. त्यानं पहिल्या वर्षी माझ्या हाती ध्वज दिला. मुलगी पुढे ध्वज घेऊन नाचली की मिरवणूक छान दिसते म्हणे. दुसऱ्या वर्षी ढोल दिला. तिसऱ्या-चौथ्या वर्षीही ढोल. ताशा मागितला की तो म्हणायचा, मुलींचं मनगट टिकत नाही. इतर पथकांत मुली ताशा वाजवतात, हे मी त्याला सांगितलं. मग तिकडे जा, असं तो अगदी प्रेमानं म्हणाला. मी गेले नाही, कारण मला तिथेच, त्याच्याच समोर वाजवायचा होता. घरी गच्चीवर जुन्या टायरवर काड्या घेऊन मी तर्री काढत बसायचे, ती ताशाची बारीक, न तुटणारी थरथर, खालच्या मजल्यावरचे काका वर येईपर्यंत. माझी तर्री चांगली होती. निदान मला तसं वाटायचं, कारण काका सोडून ती कोणी ऐकलेलीच नव्हती.

तर अशी मी, वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या फ्रेशर्स वीकमध्ये, सगळ्या मंडळांची टेबलं लागतात त्या फ्रेशर्स फेअरच्या गर्दीत हॅरिएटच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. हॅरिएट तिसऱ्या वर्षाला होती, बँडच्या ड्रमवाल्यांची प्रमुख. बारीक कापलेले केस, कानामागे पेन्सिल, गळ्यात शिंप्याची टेप, कारण कोट द्यायचं कामही तिच्याकडेच. तिनं सांगितलं की त्यांच्याकडे ड्रमच्या पाच जागा आहेत आणि ऑडिशन पडद्यामागे होते. वाजवणारा पडद्याच्या एका बाजूला, ऐकणारे दुसऱ्या. नाव सांगायचं नाही, बोलायचं नाही, फक्त नंबर. तोंडातून आवाज आला की तो नंबर बाद. बूटसुद्धा काढायचे, म्हणजे टाचांच्या आवाजावरून कोणी काही ओळखायला नको. माणसं आपल्या ओळखीच्यांना निवडतात, आपल्यासारख्या दिसणाऱ्यांना निवडतात, म्हणून हे, असं ती म्हणाली. बोलताना तिनं टेबलावरची चॉकलेटं माझ्यापुढे सरकवली. मी घेतली नाहीत. मी त्या पडद्याच्या प्रेमात पडले होते.

माझा चेहरा, माझी वेणी, माझं मनगट, काहीही न बघता कोणीतरी पहिल्यांदाच माझे हात ऐकणार होतं. त्यांनी निवडलं तर नितीनदादा चूक, विषय संपला. त्या आठवड्यात इंग्लंडकडून मला एवढंच हवं होतं. डिग्री तिथे तोंडी लावायला होती.

ऑडिशनचा तुकडा ईमेलनं आला, कागदावर काळ्या टिंबांच्या रांगा. मला नोटेशन वाचता येत नव्हतं. ते वाचून दाखवलं माझ्या शेजारच्या खोलीतल्या ग्रेसनं. ग्रेस बर्नलीची. तिचे वडील गावातल्या ब्रास बँडमध्ये होते आणि चालता यायला लागल्यापासून ती त्या बँडमागून चालत होती. तीही ड्रमच्या ऑडिशनला बसणार होती. किचनच्या टेबलावर दोन लाकडी चमचे घेऊन तिनं तो तुकडा मला सावकाश, तीनदा वाजवून दाखवला. मी तो ताशाच्या बोलांत बसवला आणि तोंडानं घोकत पाठ केला. तिला त्याची भारी गंमत वाटली. मला तिची वाटली नाही. ती तिन्हीत्रिकाळ चीज-टोस्ट खायची, टीबॅग कपातच राहू द्यायची, आणि दाराला धडकली तर दाराला सॉरी म्हणायची. हिच्या हातात ड्रमच्या काड्या म्हणजे कठीण आहे, असं मी मनाशी म्हटलं. आपल्याला मदत करणाऱ्या माणसाविषयी असं मनात येतं तेव्हा आपल्याला लाज वाटत नाही, उलट आपण फार हुशार आहोत असं वाटतं.

स्पोर्ट्स हॉलमध्ये पडदा म्हणजे फर्स्ट-एडच्या खोलीतून आणलेली निळी, घडीची स्क्रीन. तेरा नंबर ग्रेस, चौदा मी. बाकावर बसून मी तिला ऐकत होते. चमच्यांचं आणि खऱ्या काड्यांचं वाजवणं वेगळं असतं. तिचा हात स्वच्छ होता, एकसारखा, कुठेही घाई नाही, आणि प्रत्येक ठोका जिथे पडायला हवा तिथेच पडत होता. शेवटच्या ओळीत तिच्या हातून काडी निसटली आणि लाकडी फरशीवर टणकन पडली.

"सॉरी," ग्रेस म्हणाली.

तिनं काडी उचलली, ती ओळ पूर्ण केली, आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

मग मी. बूट काढले, मोजेही काढले. फरशी गार होती. ड्रमचा पट्टा खांद्यांवरून घेतला, ओझं कमरेशी आलं, काड्या वर गेल्या. आणि इथे माझ्या अंगाला मँचेस्टर कळेना. पाय अनवाणी, कमरेला वाद्य, हात वर, एवढं जमून आलं की पथकात पहिल्या ठोक्याआधी गर्जना होते. चार वर्षं रोज झालेली. मी छाती भरून घेतली आणि त्या हॉलमध्ये, त्या निळ्या स्क्रीनसमोर, बेंबीच्या देठापासून ओरडले, "गणपती बाप्पाऽऽ". पलीकडून अर्थातच कोणी काही म्हटलं नाही. ते अर्धवट राहणं मला सहन होईना, म्हणून "मोरया"ही मीच म्हटलं. मग वाजवलं. कसं वाजवलं ते मला आजही आठवत नाही. कान तापले होते, हात आपलेआप चालत होते, आणि डोक्यात एकच होतं की गेलं, आपणच घालवलं.

बाहेर ग्रेस बुटांच्या नाड्या बांधत होती. आपण दोघी गेलो, असं म्हणून तिला हसू फुटलं. मला नाही फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी लागली. ड्रमची चार नावं छापलेली, आणि पाचवं पेन्सिलनं लिहिलेलं: माझं. ग्रेसचं नव्हतं. ग्रेसनं यादी दोनदा वाचली, माझ्या दंडावर थोपटलं, अभिनंदन म्हणाली. नियम म्हणजे नियम, तिचं तोंड उघडलं त्याला कोण काय करणार, असंही म्हणाली. मग किचनमध्ये जाऊन तिनं आम्हा दोघींसाठी चहा केला. त्या चहाइतकी तिडीक मला आयुष्यात कशाची आली नसेल. ज्यांना अपमान झाल्यावर चहा करावासा वाटतो त्यांचं काय करायचं? भांड, रड, काहीतरी आपट. ती मला साखर किती ते विचारत होती.

मी मात्र भांडायला गेले. हॅरिएट स्पोर्ट्स हॉलमागच्या कोठीच्या खोलीत कोट मोजत होती. तिथे आमचं जे बोलणं झालं ते मी कोणालाच पूर्ण सांगितलेलं नाही. जेवढं सगळ्यांना सांगते ते असं: पडद्यापलीकडून ऐकणाऱ्या कमिटीनं माझी गर्जना बोलणं म्हणून नाही, तर वाजवण्याचाच भाग म्हणून धरली होती. सगळ्यांना ती फार आवडली होती. आणि परेडमध्ये अगदी पुढे उभी राहून मी तसंच ओरडेन का, असं त्यांना विचारायचं होतं. ज्या पडद्यामागे माझं काहीच दिसू नये म्हणून मी उभी राहिले होते, त्याच पडद्यामागून त्यांनी मला बरोबर शोधून काढलं होतं.

तीन वर्षं मी ओरडले. मी "गणपती बाप्पा" म्हणायचं, आणि लँकशायर-यॉर्कशायरच्या तीस गळ्यांनी "मोरियाऽ" असं जमेल तसं उत्तर द्यायचं. रग्बीच्या मॅचआधी, पदवीदानाच्या दिवशी, आणि युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाची नोव्हेंबरातली एक मिरवणूक सोडली तर गावातल्या प्रत्येक परेडला. एकदा गळ्यात सोनेरी साखळी घातलेल्या एका मेयरनं हात मिळवून अर्थ विचारला. छत्र्या मिटा असा अर्थ आहे, असं मी सांगितलं, आणि त्यांनी फार सुंदर, फार सुंदर म्हणून मान डोलावली. तिथली मराठी कुटुंबं पोरांना खांद्यावर बसवून व्हिडिओ काढायची. कोणी एक काका दरवेळी डोळे पुसत सांगायचे की आपल्या संस्कृतीचा झेंडा तू इथे रोवलास. आईनं ते व्हिडिओ पुण्यात इतक्या ग्रुपवर टाकले की नितीनदादापर्यंत पोचले. त्यानं मला मेसेज केला. शाब्बास, पण मनगट जरा कडक आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी त्याला ब्लॉक केलं.

त्या सगळ्यांचा मला मनापासून तिटकारा होता. टाळ्या वाजवणाऱ्यांचा, डोळे पुसणाऱ्यांचा, माझ्याबरोबर वाजवणाऱ्यांचा तर जास्तच. त्यांना माझं वाजवणं कळायचं नाही. मी चुकले की त्यांना ती शैली वाटायची. एकदा मी एका परेडमध्ये मुद्दाम अर्धी मात्रा आधी उचललं, बघू कोणी काही म्हणतं का. परेड संपल्यावर दोघांनी येऊन विचारलं की ते भारतीय पद्धतीचं होतं का. हो म्हटलं. मग ते शिकायला बसले.

ग्रेस परेडला यायची. फुटपाथच्या कडेला छत्री धरून उभी राहायची आणि मी समोरून गेले की दोन्ही हात हलवायची, छत्री एकीकडे. दुसऱ्या वर्षी तिनं पुन्हा ऑडिशन दिली नाही. कोर्सचं काम वाढलंय म्हणाली. पहिल्या वर्षी चहा उकळेपर्यंत तिची बोटं किचनच्या टेबलावर चालत असत. ती कधी थांबली हे माझ्या लक्षात आलं नाही. तिला माझा राग का येत नाही, याचाच मला राग यायचा. पदवीदानाच्या दिवशी तिचे वडील आले होते, ठेंगणे, लालबुंद गालांचे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. आमच्या ग्रेसनं तुझं वाजवणं आम्हाला किती वेळा सांगितलंय, असं म्हणाले. मी त्यांच्या टायकडे बघत राहिले.

दहा वर्षं होतील आता. इथे, या खिडकीत, हातात गार होत चाललेला चहा घेऊन मी अजूनही त्या बँडला, त्या कोटांना, त्या मेयरला नावं ठेवू शकते, आणि लोक हसतात, मला किस्से चांगले सांगता येतात. तुच्छतेचं हे बरं असतं. सगळ्यांना एकदा मूर्ख ठरवलं की त्यांच्यापैकी कोणीच आपली परीक्षा घेऊ शकत नाही. हे मी खूप उशिरा ओळखलं असं म्हणायला मला आवडेल, पण ते खोटं आहे. त्या कोठीच्या खोलीतच मला ते कळलं होतं.

मी तिथे खरंच तावातावानं गेले होते. ग्रेसला एका शब्दासाठी बाद केलंत आणि मी आख्खी आरोळी ठोकली तरी मला ठेवलंत, मला माझ्या हातांसाठी घ्या नाहीतर घेऊ नका, असं सगळं मी हॅरिएटला सुनावलं. माझा आवाज चढला होता. इंग्रजीत इतकं भांडता येतं हे मला त्या दिवशी कळलं. ती कोटांच्या ढिगावर टेकून शांतपणे ऐकत होती.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "मीही कमिटीत हेच म्हणाले होते. म्हणून तर तुझं नाव पेन्सिलनं लिहिलंय." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "स्क्रीन अजून उभीच आहे. दोन वाजता तू आणि तेरा नंबर, दोघी परत वाजवा. नवे नंबर देऊ, आत कोण आहे ते आम्हाला कळणार नाही. जागा एकच आहे. जी चांगलं वाजवेल तिची."

मी जे मागायला आले होते ते सगळं तिनं मला एका वाक्यात देऊन टाकलं. दोन वाजायला तीन तास होते. ग्रेस हॉस्टेलच्या किचनमध्ये होती, मी जाऊन नुसतं सांगायचं होतं. माझ्या कानात तिचा तो स्वच्छ हात वाजत होता, काडी पडायच्या आधीचा.

"दोन वाजता मला लेक्चर आहे," मी म्हणाले.

फ्रेशर्स वीकमध्ये लेक्चरं नसतात. हे तिला माहीत होतं आणि मलाही. मग तिनं गळ्यातली टेप काढली, मला सरळ उभं राहायला सांगितलं, आणि माझ्या खांद्यांचं माप घेतलं.